न उघडलेलं दप्तर

शस्त्रक्रिया आटोपून डॉक्टर तोयोशिमा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. मिनेकोनं ट्रेकडे आधी पाहिलंच नाही. डॉक्टर किती वाकतात, तेवढंच तिनं पाहिलं. त्यांनी मान आणि खांदे जरासे झुकवले, बस्स, आणि तिचा जीव भांड्यात पडला. बातमी वाईट असती तर माणूस कमरेतून वाकला असता आणि पटकन वर आला नसता. मग ती स्वतः मात्र अशी वाकली की शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नणंदेनं, तोमीनं, तिला दंडाला धरून सरळ केलं.

ट्रेमध्ये मिनेकोच्या नवऱ्याच्या जठराचा वरचा भाग होता. चिरून सपाट पसरलेला, धुतलेल्या माकुळासारखा. डॉक्टरांनी चिमट्याच्या टोकानं एक जागा दाखवली. नखाएवढा डाग, तोही नीट बघितला तरच दिसणारा.

"एवढंसं?" तोमी म्हणाली. "एवढ्याशासाठी माझ्या भावाचं पोट कापलंत?"

"एवढंसं होतं म्हणूनच अर्धं पोट वाचलं, मावशी. दोन वर्षांनी आला असता तर सगळंच काढावं लागलं असतं."

डाग होता अन्ननलिकेच्या अगदी खाली, जठराच्या वरच्या टोकाला. गावच्या दरसालच्या तपासणीत तो सापडला होता. डॉक्टरांनी आधीच सगळं समजावून सांगितलं होतं. सगळं जठर काढलं तर मागे काही राहत नाही, पण माणूस वाळून झाडूची काडी होतो. वरचंच काढलं तर अंगावर मांस टिकतं, पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली कडी जाते आणि आतलं आंबट-कडू वर येतं. म्हणून त्यांनी उरलेल्या जठराच्या सालीचं एक झाकण शिवून नवी कडी बसवली होती. हे शिवणकाम फार थोड्या हातांना जमतं, असं परिचारिकेनं हळूच सांगितलं.

"आता ते बरे होणार ना?" मिनेकोनं विचारलं.

"इतक्या लवकर सापडलेले बहुतेक सगळे म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशानं तरी मरतात. फक्त एक. जे उरलंय ते त्याच पोटाचं आहे. एकदा उगवलं ते पुन्हा उगवू शकतं. दर वर्षी कॅमेरा घालून बघायचं. यात सूट नाही."

यात सूट नाही, हे डॉक्टरांनीच म्हटलं होतं. मिनेकोनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मिनेकोच्या नवऱ्याला, कोदामा मास्तरांना, गावात सगळे ओळखत, ते एका दप्तराच्या गोष्टीमुळे. ते चौथीला शिकवत तेव्हाची गोष्ट. वर्गात एका मुलाचं नवंकोरं घड्याळ हरवलं. मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, सगळ्यांची दप्तरं उघडा. मास्तर दारात आडवे उभे राहिले. "मी सगळ्यांना विचारलंय. सगळे नाही म्हणालेत. मुलगा नाही म्हणाला की नाही. मी कुणाचं दप्तर उघडणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ मास्तरांच्या टेबलावर, डस्टरखाली सापडलं. कुणी ठेवलं ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. त्या वर्गातली पोरं आता पन्नाशीला आली, पण अजूनही ही गोष्ट जमेल तिथे सांगतात. त्यांतलंच एक पोर म्हणजे डॉक्टर हिरोनारी तोयोशिमा.

त्यामुळे दवाखान्यात मोठी गंमत व्हायची. तिथे शिक्षकालाही सेन्सेई म्हणतात आणि डॉक्टरलाही, म्हणून दोघं एकमेकांना सेन्सेई म्हणत आणि दोघंही दुसऱ्यापेक्षा खाली वाकायला बघत. कुणी आधी ताठ व्हायचं यातच दोन मिनिटं जात. बाहेरचे पेशंट दाराच्या फटीतून बघून हसत.

पहिल्या वर्षी कॅमेरा झाला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लाली होती, जोड थोडा आवळला होता. डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले, "माझ्या हातून कडी जरा सैल राहिली आणि जोड जरा घट्ट झाला. माफ करा." त्यांनी गोळ्या दिल्या, फुगा घालून जोड रुंद केला. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

पण परतताना गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. "पोराचा चेहरा पाहिलास?"

"पाहिला."

"लहानपणी शुद्धलेखनात एक चूक निघाली की असाच व्हायचा. जेवायचा नाही दिवसभर. इतकं मन लावून शिवलंय त्यानं, आणि मी जाऊन म्हणायचं, जळतंय, अडकतंय?"

त्या दिवसापासून मास्तरांना काहीही होईनासं झालं.

"सेन्सेई, जेवण जातं ना?" डॉक्टर विचारत.

"तुमच्या कृपेनं उत्तम."

"घास अडकतो? आडवं झाल्यावर कडू वर येतं?"

"छे, छे. तुमच्या कृपेनं काही नाही."

मिनेको शेजारच्या स्टुलावर मांडीवर नवऱ्याची टोपी घेऊन बसलेली असे. उशांचे अभ्रे तीच धुवायची, त्यावरचे पिवळे डाग तिच्याच हातांनी घासले जायचे. घरी मास्तर आडवे होतच नसत. गाद्यांची चवड करून तिला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटत. पेज घेतली तरी तिसऱ्या चमच्याला थांबत, छातीवर मूठ दाबत, उठून मोरीकडे जात आणि नळ मोठा सोडत. तपासणीच्या दिवशी स्वेटरखाली दुसरा स्वेटर, त्याखाली लोकरी बंडी. वजन करताना परिचारिका म्हणे, "कोट काढता का?" मास्तर कोट तेवढा काढत.

आणि मिनेको मूग गिळून बसे. नवऱ्यानं डॉक्टरच्या तोंडावर नाही म्हटल्यावर बायकोनं हो म्हणायचं, म्हणजे त्या गावात नवऱ्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच. कुणी तिला तसं शिकवलं नव्हतं. शिकवावं लागतच नाही. ती टोपीची कड बोटांनी दाबत राही, बाहेर पडताना डॉक्टरांसमोर वाकून आभार मानी, आणि गाडीत बसल्यावर तिला स्वतःची शिसारी येई.

दुसऱ्या वर्षी कॅमेऱ्याची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, "सेन्सेई, माझं यंदा राहू द्या. बाहेर बाकावर किती माणसं बसलीयत, त्यांचं आधी करा. मला तर काही होत नाही."

"तरी एकदा बघून घेतलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"मी सांगतोय ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मिनेकोला वाटलं, आता हा माणूस रागावेल. टेबलावर हात आपटेल आणि म्हणेल, यात सूट नाही. तिनं श्वास रोखून धरला. पण डॉक्टर हसले, अगदी चौथीतल्या पोरासारखे. "तुम्ही सांगताय म्हणजे झालं," ते म्हणाले आणि वाकले. मास्तर त्यांच्याहून खाली वाकले. तिसऱ्या वर्षीही असंच झालं, फक्त या वेळी डॉक्टरांनी 'तरी एकदा' म्हटलं नाही.

मधूनच ते सांगत, अमुक शहरात सर्जनांची परिषद झाली, तिथे मी तुमचा दाखला दिला सेन्सेई, नाव न घेता. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं, काही तक्रार नाही, वजन जागच्या जागी. मास्तरांची छाती फुगायची. गाडीत ते म्हणायचे, "बघ, माझ्या पोटामुळे पोराचं नाव झालं."

"तुमच्या पोटात काय चाललंय ते कुणी बघितलंय का?" मिनेकोनं एकदा विचारलं.

"तू आता तोमीसारखी बोलायला लागलीस."

मास्तरांना सत्त्याहत्तरावं लागलं त्या हिवाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांनी ऊनपाण्याच्या झऱ्याजवळच्या खानावळीत दुपारचं जेवण ठेवलं. त्या वयाला घालतात ते जांभळं बिनबाह्यांचं जाकीट त्यांनी मुद्दाम शिवून आणलं होतं. मास्तरांनी ते दोन स्वेटरांवर चढवलं. तरी खांद्यावरून ते घसरत होतं.

तोमीनं त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "जाकीट छान आहे. पण घातलंय कुणी, खुंटीनं?" तिनं मिनेकोच्या कानात विचारलं.

"वन्सं, हळू."

"अगं, हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलायचं तर तू बोलायला हवंस."

मिनेकोच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती ती काही आजची नव्हती. पण गेला महिनाभर तिला झोप नव्हती. नवरा आता पेजही अर्ध्यावर ठेवत होता, त्याचे पाय संध्याकाळी बर्फासारखे गार पडत आणि ओठांचा रंग गेला होता. तिला भीती वाटत होती, सरळ साधी भीती, की हा माणूस कुणाचं मन न दुखवता मरून जाणार.

जेवणात किरितान्पो होतं, भात कुटून काठीवर थापून भाजलेला आणि मग कोंबडीच्या रश्शात सोडलेला. मऊ, चिकट, घशाला धरून बसणारा. असलं काही खायचं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर्गातली एक बाई वाडगा घेऊन आली. "सेन्सेई, तुमच्यासाठी मी स्वतः थापलंय."

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर त्यांच्याचकडे बघत होते, काळजीनं आणि अभिमानानं. "जमेल का, सेन्सेई? थोडंसंच, चावून चावून."

"तुमच्या कृपेनं सगळं जमतं," मास्तर म्हणाले आणि खाल्लं. एक तुकडा, मग दुसरा, वर गरम रस्सा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, अर्ध्या पोटाचा माणूस आमच्याहून जास्त खातोय. मास्तर हसले. मग घड्याळ बघितल्यासारखं करून उठले आणि फोन करून येतो म्हणून बाहेर गेले.

मिनेको त्यांच्या मागोमाग गेली. खानावळीच्या मुदपाकखान्यामागे बर्फाचा ढीग होता. तिथे मास्तर गुडघ्यांवर हात टेकून ओणवे झाले होते, जांभळं जाकीट डोक्याकडे सरकलं होतं. भात जसाच्या तसा पडला होता. आणि भाताबरोबर आणखी काहीतरी होतं, काळपट, चहाच्या चोथ्यासारखं. मिनेकोनं मोरीत आजवर बरंच धुतलं होतं, पण हा रंग तिनं पाहिला नव्हता.

"अहो, हे काय आहे?"

"काही नाही. बर्फ लोट त्यावर."

तिनं पायानं बर्फ लोटला. स्वतःच्याच पायानं. काळं झाकलं गेलं, वर पांढरं झालं. मास्तरांनी रुमालानं तोंड पुसलं, जाकीट सारखं केलं आणि हसरा चेहरा लावून आत गेले.

आत डॉक्टर उभे राहून बोलत होते. दप्तराची गोष्ट चालली होती. "मुलगा नाही म्हणाला की नाही, असं म्हणाले आमचे सेन्सेई. तेव्हापासून मी एक शिकलो. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. दवाखान्यातही मी तेच करतो." बायका डोळे टिपत होत्या. मास्तर मान खाली घालून बसले होते, संकोचलेले, सुखावलेले.

मिनेको दाराशीच उभी राहिली. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकून तिचाही ऊर भरून यायचा. आज तिला ती एखाद्या दुष्ट माणसानं रचलेली वाटली. या खोलीत सगळी चांगली माणसं बसली होती, एकाहून एक चांगली, आणि सगळी मिळून तिच्या नवऱ्याला मारत होती. त्यांत तीही होती.

ती चटयांवरून सरळ डॉक्टरांपर्यंत गेली. "डॉक्टर, बूट घाला."

"काय झालं, काकू?"

"बूट घाला आणि माझ्याबरोबर चला. आत्ता."

"मिनेको, बस खाली," मास्तर म्हणाले. तो आवाज त्यांनी वर्गातही कधी वापरला नव्हता.

ती बसली नाही. तोमी उठली, डॉक्टरांचा कोट खुंटीवरून काढून त्यांच्या हातात कोंबला. "ऐक तिचं, हिरो," ती म्हणाली. त्या नावानं डॉक्टरांना आता कुणी हाक मारत नसे. ते निमूटपणे बाहेर आले.

मुदपाकखान्यामागे मिनेको गुडघ्यांवर बसली आणि उघड्या हातांनी बर्फ उकरू लागली. आधी भात दिसला, मग काळं. बर्फात त्याच्या कडा तपकिरी होऊन पसरल्या होत्या. तिनं हात मागे घेतले आणि बाजूला सरकली.

डॉक्टर वाकून बघत राहिले. "हे कधीपासून?"

"घास अडकतो ते पहिल्या वर्षापासून. कडू रोज येतं. आडवे ते झालेलेच नाहीत. काळं आज पहिल्यांदा. मी पाहिलेलं तरी."

"पण मी प्रत्येक वेळी विचारलं. सेन्सेई नाही म्हणाले."

"हो. ते नाही म्हणाले आणि तुम्ही दप्तर उघडलं नाहीत."

डॉक्टर पुन्हा त्या काळ्याकडे बघू लागले.

"मीही शेजारीच बसले होते," मिनेको म्हणाली. "टोपी घेऊन. मीही तोंडातून ब्र काढला नाही. पण कॅमेरा माझ्याकडे नव्हता, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांना दाखल केलं. कुणी त्यांना विचारलं नाही. परिचारिकेनं दोन्ही स्वेटर आणि बंडी उतरवून मगच वजन केलं आणि आकडा मोठ्यानं न वाचता लिहून घेतला. मास्तरांनी चष्मा आणि दात मिनेकोच्या हातात दिले. कालपासून ते तिच्याशी बोलले नव्हते.

"पोरांसमोर मला खोटं पाडलंस," ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा येत होता.

"हो. पाडलं."

"हिरोनारीला काय वाटलं असेल?"

"मला काय वाटतं ते एकदा तरी विचारा हो," ती म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण चाकाची खाट हलली.

मिनेको आणि तोमी त्याच बाकावर बसल्या, चार वर्षांपूर्वी बसल्या होत्या तिथेच. कॅमेरा झाला, मग पोटाचं स्कॅन झालं. खाट पुन्हा समोरच्या खोलीत आली. दार बंदच होतं. आतून यंत्राचा आवाज आला आणि थांबला, तरी कुणी बाहेर येईना.

"लहानपणी एकदा त्याचा हात मोडला," तोमी म्हणाली. "शेजारच्या झाडावरून पडला. झाडवाल्याला वाईट वाटेल म्हणून दोन दिवस हात पाठीमागे धरून हिंडला. आई म्हणायची, किती गुणी पोर. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा एक दिवस गुणानंच मरेल. तेव्हा मला थोबाडीत बसली होती." तिनं नाक पुसलं. "आता कुणी मारत पण नाही."

मिनेकोनं चष्म्याच्या काचा बाहीनं पुसल्या. त्या स्वच्छच होत्या. तिनं मनाशी ठरवलं की डॉक्टर बाहेर आले की आधी हातांकडे बघायचं. हातात ट्रे असेल तर कापण्यासारखं असेल. लगेच तिच्या लक्षात आलं की आज कुणी काही कापलेलंच नाही, ट्रे कुठून येणार.

दार उघडलं. डॉक्टर तोयोशिमा मोकळ्या हातांनी बाहेर आले, तिच्यासमोर येऊन थांबले आणि वाकले. मान वाकली, खांदे वाकले, मग कंबर. ते खाली जातच राहिले. त्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस तिला दिसले, मग पाठीवरची अंगरख्याची गाठ. ते वर आले नाहीत.

तोमी बाकावरून उठून वाकली. मिनेकोनंही वाकायला हवं होतं, त्यांच्याहून खाली. आयुष्यभर ती तशीच वाकली होती, या माणसासमोर तर प्रत्येक वेळी. तिच्या पाठीला ती सवयच होती आणि पाठ आपोआप हललीही.

मिनेकोनं ती सरळ केली.

"मान वर करा," ती म्हणाली. "माफी मागू नका. काय आहे ते सगळं सांगा."

डॉक्टर वर आले. त्यांनी दोनदा घसा खाकरला. "उरलेल्या पोटात आहे. मोठं आहे, त्यातून रक्त जातंय. स्कॅनमध्ये यकृतावरही दिसतंय. या वेळी कापून बाहेर काढता येईल असं नाही." मग ते म्हणाले, "वर्षा-दोन वर्षांपूर्वी बघितलं असतं तर निघालं असतं. नखाएवढंच असतं."

मिनेकोनं ऐकलं. ती उभीच राहिली.

उघड्या दारातून मास्तरांचा आवाज आला. भूल अजून पुरती उतरली नव्हती, शब्द जड पडत होते. "सेन्सेई, आहात ना? तुमच्या कृपेनं काही दुखलं नाही हो. अगदी छान झालं."

डॉक्टरांचे डोळे भरले आणि ते सवयीनं दाराकडे वळून वाकू लागले. मिनेकोनं त्यांच्या बाहीला धरलं.

"वाकू नका," ती म्हणाली. "आत जा. कसं वाटतंय म्हणून विचारू नका. सांगा त्यांना. मी शेजारी उभी राहते."